जबडा सकाळीच का दुखतो?

जबड्याच्या दुखण्याबद्दल आलेल्या पत्रांत घोरण्याचा उल्लेख बहुतेक वेळा एका वाक्यात उरकलेला असतो. खरं तर अर्धं उत्तर त्या वाक्यात असतं. म्हणून या वेळी अशी पत्रं एकत्र घेतली आहेत.

मी ४४ वर्षांची आहे. झोपेत दात खाते आणि थोडी घोरते, असं घरचे सांगतात. सकाळी दोन्ही कानशिलं ठणकतात, जबडा आखडलेला असतो, दहा-अकरापर्यंत मोकळं वाटतं. डेंटिस्टनी नाइट गार्ड (रात्री दातांवर बसवायचं कवच) सुचवला आहे. करून घेऊ का? (एक वाचक, कोथरूड)

घाई करू नका. रात्री तुमचा श्वास अडतो का, हे आधी कळायला हवं.

झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात, जीभ आणि खालचा जबडा मागे कलतो. वाट अरुंद झाली की आपण घोरतो. ती मिटून श्वास १० सेकंद किंवा त्याहून जास्त थांबला, तर तो अ‍ॅप्निया. ऑक्सिजन उतरतो, मेंदू क्षणभर जागा होतो, श्वास पुन्हा सुरू होतो. सकाळी यातलं काही आठवत नाही. श्वास थांबणं आणि मंदावणं मिळून तासाला ५ ते १५ अडथळे असतील तर आजार सौम्य, १५ ते ३० मध्यम आणि ३० च्या वर तीव्र मानतात.

झोपेत दात खाण्याचे झटकेही बऱ्याचदा अशाच अर्धवट जागेपणाला लागून येतात. गालातले आणि कानशिलावरचे चावण्याचे स्नायू सेकंदाला साधारण एकदा, अशा लयीत आवळले जातात. मात्र ‘श्वास अडला म्हणून दात खाल्ले’ असं सरसकट म्हणता येत नाही. काहींमध्ये झटका श्वास अडल्यानंतर येतो, काहींमध्ये आधी, तर अनेकांमध्ये दोन्हींचा मेळच बसत नाही. त्यापेक्षा दुसरा धागा पक्का आहे: तुटक झोपेने वेदना सोसण्याची ताकद घटते, आणि एरवी जाणवलाही नसता असा स्नायूंवरचा ताण दुखू लागतो. अमेरिकेतल्या ‘ओपेरा’ या मोठ्या अभ्यासात जबड्याचं दुखणं नसलेल्या लोकांवर काही वर्षं लक्ष ठेवलं होतं. ज्यांच्यात अ‍ॅप्नियाची चिन्हं ठळक होती, त्यांना पुढे हे दुखणं जडण्याचं प्रमाण पावणेदोन पटींच्या आसपास निघालं.

आता गार्डबद्दल. नेहमीचा गार्ड दातांची झीज वाचवतो, पण त्याच्या जाडीने तोंड किंचित उघडं राहतं. खालचा जबडा उघडताना खाली आणि मागे फिरतो, त्यामुळे जिभेची जागा कमी होते. २००४ च्या एका छोट्या अभ्यासात अ‍ॅप्निया असलेल्या १० जणांना वरच्या दातांवर असा गार्ड दिला, तेव्हा ५ जणांचे श्वासाचे अडथळे ५० टक्क्यांहून जास्त वाढले. अवघे १० जण, हे खरं. पण घोरणाऱ्या माणसाला न तपासता गार्ड देऊ नये, एवढं सांगायला ते पुरेसं आहे.

म्हणून आधी ‘स्टॉप-बँग’ या श्वास अडण्याचा धोका जोखणाऱ्या प्रश्नावलीची आठ उत्तरं लिहा: मोठ्याने घोरणं, दिवसा थकवा, कोणी श्वास थांबलेला पाहणं, रक्तदाब, बीएमआय (उंचीच्या मानाने वजन) ३५ च्या वर, वय ५० च्या वर, गळ्याचा घेर ४० सेंटिमीटरच्या वर, पुरुष असणं. तीन ‘हो’ आले तर तपासणी कराच. ही यादी बायकांवर जरा अन्याय करते. त्यांच्यात धडाकेबाज घोरण्यापेक्षा निद्रानाश, डोकेदुखी आणि थकवा हीच लक्षणं पुढे असतात. त्यामुळे दोनच ‘हो’ आले तरी तुमच्या तक्रारी पाहता तपासणी योग्य ठरेल. घरी होणाऱ्या चाचणीत नाकाशी नळी, छातीला पट्टा आणि बोटाला ऑक्सिमीटर लावून एक रात्र झोपायचं असतं. हे यंत्र मेंदूची जाग मोजत नाही आणि अडथळ्यांना झोपेच्या तासांऐवजी नोंदीच्या तासांनी भागतं, त्यामुळे आकडा कमी दिसू शकतो. रिपोर्ट नॉर्मल आला आणि त्रास तसाच राहिला, तर प्रयोगशाळेतली पूर्ण स्लीप स्टडी मागा.

डोकेदुखीचं मूळ ओळखायला एक सोपी खूण आहे. अ‍ॅप्नियाची डोकेदुखी दोन्ही बाजूंना, दाबल्यासारखी असते आणि उठल्यापासून चार तासांच्या आत ओसरते. स्नायूंचं दुखणं चावताना वाढतं. दात घट्ट दाबले की कानशिलावर आणि गालावर जो उंचवटा हाताला लागतो, तिथे जबडा सैल सोडून दोन बोटांनी दाबा. रोजचीच कळ तशीच्या तशी उमटली, तर स्नायू दोषी. बऱ्याच जणांना दोन्ही असतात.

निदान होईपर्यंत: ओठ मिटलेले, दात सुटे, जिभेचं टोक वरच्या दातांमागे टाळूला टेकलेलं, दिवसा आठवेल तेव्हा ही ठेवण तपासा. दिवसातून दोनदा १५–२० मिनिटं ओला शेक द्या. चिक्की, ऊस, च्युइंगगम बंद. भाकरी हवीच असेल तर आमटीत कुस्करून. पालथं झोपू नका. आणि ‘स्नायू सैल पडायला’ म्हणून क्लोनाझेपामसारखी गोळी दिली गेली, तर घोरण्याबद्दल डॉक्टरांना आवर्जून सांगा. अशा औषधांनी, आणि दारूनेही, घसाही सैल पडतो.

तीन महिन्यांपासून सीपॅप (मास्कमधून हवेचा दाब देऊन घसा उघडा ठेवणारं मशिन) लावतो. झोप सुधारली, पण आता गाल आणि जबडा दुखतो. बंद करू का? (एक वाचक, चिंचवड)

मशिन चालू ठेवा, मास्क तपासा. नेहमी घडतं ते असं: सिलिकॉनची गादी तेलकट होते किंवा झिजते, हवा गळते, आपण पट्टे आवळतो, मग चेहरा दुखतो. गादी रोज सौम्य साबणाने धुवा, झिजली असेल तर बदला आणि चेहऱ्यावरचं क्रीम पुसून मग मास्क लावा. पट्टे बसून नाही, तर मशिन चालू करून, ज्या कुशीवर झोपता त्या कुशीवर पडून जुळवा. गळती थांबेल इतकेच घट्ट.

नाक-तोंड दोन्ही झाकणाऱ्या मास्कचा खालचा पट्टा हनुवटीला मागे रेटतो. याने जबड्याच्या सांध्यावर दाब येतो आणि घशाची वाटही अरुंद होते. नाक मोकळं असेल तर फक्त नाकाचा किंवा नाकपुडीत बसणारा मास्क मागून पाहा.

मला सीपॅपऐवजी जबडा पुढे धरणारं उपकरण सुचवलं आहे. माझ्या जबड्यात आधीपासून ‘कट’ असा आवाज येतो. चालेल का? (एक वाचक, हडपसर)

नुसता आवाज येत असेल आणि वेदना नसेल, तर सहसा अडचण नसते. दुखत असेल किंवा जबडा मध्येच अडकत असेल, तर आधी त्यावर उपचार.

माप घेऊन बनवलेलंच उपकरण घ्या. गरम पाण्यात मऊ करून चावायचं रेडीमेड नको. उपकरण धरून राहायला वर आणि खाली प्रत्येकी ८–१० भक्कम दात लागतात. तुमचा जबडा जास्तीत जास्त जितका पुढे येतो, त्याच्या साधारण ५० ते ७० टक्क्यांवर सुरुवात करून पुढे अर्धा-एक मिलिमीटर, मध्ये काही दिवस थांबून सरकवतात. सांधा दुखरा असेल तर कमीवर सुरू करायला सांगा. घाईने पुढे ओढलं की दुखतं आणि लोक उपकरण कपाटात टाकतात.

पहिले काही आठवडे सकाळी जबडा अवघडतो. उपकरण काढल्यावर मागचे दात पूर्वीसारखे जुळेपर्यंत हलके चावण्याचा व्यायाम करायचा असतो, तो चुकवू नका. काही वर्षांत दातांची ठेवण किंचित बदलू शकते, म्हणून नियमित तपासणी हवी. आणि घोरणं थांबलं म्हणजे अ‍ॅप्निया थांबला, असं नाही. उपकरण लावून चाचणी पुन्हा करा.

वय ३५. तोंड दोन बोटांपुरतंच उघडतं, तिखट झोंबतं. घोरतोही. सांधा आखडला असेल का? (एक वाचक, मार्केट यार्ड)

पत्रात लिहिलेलं नाही, पण सुपारी किंवा गुटखा खाता का? तोंड साधारणपणे आपलीच तीन बोटं उभी मावतील इतकं उघडतं. तिखट झोंबणं आणि गालात ताठ दोऱ्या लागणं हे सबम्यूकस फायब्रोसिसचं, म्हणजे तोंडाचं आतलं अस्तर ताठ होत जाण्याच्या आजाराचं, लक्षण आहे. तिथून कर्करोग होऊ शकतो. सुपारी आजच बंद करा आणि दंत महाविद्यालयातल्या ओरल मेडिसिन विभागात जा. पुण्यात धनकवडीला आणि कॅम्पातल्या आझम कॅम्पसमध्ये अशी महाविद्यालयं आहेत. घोरण्याची तपासणी वेगळी करावीच लागेल.

वय ६२. पर्वती चढताना डावा जबडा दुखतो, वर बसलं की थांबतो. गार्डचा उपयोग होईल का? (एक वाचक, सहकारनगर)

नाही. चढताना दुखणं आणि थांबल्यावर जाणं, हे हृदयाचं लक्षण असू शकतं. पर्वती बंद, आजच डॉक्टरांकडे जा आणि ईसीजी काढा. बसलेले असताना दुखलं किंवा सोबत घाम, धाप आली, तर वाट न पाहता १०८ ला फोन करा.