मागून ठोकलं म्हणजे चूक मागच्याचीच?

प्रश्न : दिवाळीनंतर पुण्याहून कराडला परत येत होतो. खंबाटकी उतरून सुरूरच्या अलीकडे पुढच्या टेम्पोने मधल्याच लेनमध्ये करकचून ब्रेक मारला. माझा वेग सत्तरच्या आसपास होता आणि मध्ये दोन गाड्यांएवढं अंतर होतं. टेम्पोचे मागचे दिवे लागले नाहीत, हे मी शपथेवर सांगतो. गाडी धडकली आणि मागे बसलेल्या सासूबाईंचं मनगट मोडलं. जमलेली माणसं म्हणाली, "मागून ठोकलंय, चूक तुझीच." घाबरून मी टेम्पोवाल्याला पंधरा हजार दिले आणि 'माझी चूक झाली' असं लिहूनही दिलं. पोलिसांत गेलो नाही. चूक खरंच माझीच का? सासूबाईंना काही मिळेल का? (एक शिक्षक, कराड)

उत्तर : गुरुजी, आधी सासूबाईंच्या मनगटाचे एक्स-रे, दवाखान्याचे कागद आणि बिलं एका पिशवीत घालून ठेवा. कुठे लागतील ते पुढे सांगतो.

विम्याचा सर्व्हेअर म्हणून ३१ वर्षं मी चेपलेल्या गाड्या पाहिल्या. 'मागून ठोकलं म्हणजे चूक मागच्याची' हे वाक्य जवळजवळ प्रत्येक ठिकाणी ऐकलं. त्यात तथ्य आहे, पण ते अर्धंच. पुढची गाडी अचानक थांबली तरी धडक टळेल एवढं अंतर राखणं ही मागच्याची जबाबदारी, असं नियमच सांगतो. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयासमोर असाच एक दावा आला होता. पुढे ट्रक, मागे दहा-पंधरा फुटांवर कार, ट्रकने अचानक ब्रेक मारला. न्यायालयाने हलगर्जीपणा कारचालकाचा धरला.

मात्र २०२५ चा निकालही बघा. कोइमतूरजवळ हायवेवर एका कारवाल्याने इशारा न देता ब्रेक मारला. मागचा मोटरसायकलवाला विद्यार्थी धडकून पडला आणि मागून येणाऱ्या बसखाली त्याचा पाय गेला. बायको गरोदर होती, तिला मळमळलं म्हणून थांबलो, असं कारवाल्याचं म्हणणं. सर्वोच्च न्यायालयाने चूक वाटून दिली : कारवाल्याची ५० टक्के, बसवाल्याची ३०, आणि अंतर न राखणाऱ्या विद्यार्थ्याची २०. हायवेवर इशारा न देता थांबणं हाही हलगर्जीपणाच, हे न्यायालयाने स्पष्ट सांगितलं. म्हणजे चूक अशी टक्क्यांत विभागली जाते, आणि टक्के ठरतात पुराव्यावर. रस्त्यावर जमलेल्या माणसांना ते ठरवता येत नाहीत.

आता तुमच्या अंतराबद्दल स्पष्टच लिहितो. सत्तरच्या वेगाने गाडी सेकंदाला १९ मीटर पळते. दोन गाड्यांचं अंतर म्हणजे आठ-नऊ मीटर, अर्धं सेकंदसुद्धा नाही. समोरचं दिसून पाय ब्रेकवर जाईपर्यंतच एक सेकंद जातो. दिवे लागले असते तरी तुम्ही बहुधा धडकलाच असता. तुम्हाला दोष द्यायचा म्हणून हे लिहीत नाही. आपल्या रस्त्यावर अंतर ठेवलं की मध्ये कुणीतरी गाडी घुसवतो, म्हणून सगळेच चिकटून चालवतात, आणि मला या एका सवयीची सर्वांत जास्त भीती वाटते. पुढची गाडी एखाद्या खांबापाशी आली की सावकाश 'पांडुरंग हरी वासुदेव हरी' म्हणा. ते संपायच्या आत तुम्ही खांबापाशी पोचलात तर फार जवळ आहात. पावसात दोनदा म्हणा.

पण टेम्पोचे दिवे खरोखर बंद असतील तर त्याचा वाटा मोठा आहे. हे सिद्ध करता येतं. एकदा कराडजवळ उभ्या ट्रेलरवर जीप आदळली होती. मागचे दिवे चालू होते, असं ट्रेलरवाला ठामपणे सांगत होता. मी बल्ब काढून पाहिले. पेटलेल्या बल्बची तार तापून मऊ झालेली असते, धक्क्याने ती ताणली जाते, वेडीवाकडी होते. थंड तार तशी ताणली जात नाही, तटकन तुटते. त्या बल्बच्या तारा सरळ तुटलेल्या होत्या. (एलईडी दिव्यांना ही परीक्षा लागू पडत नाही.) तुमच्याकडे टेम्पोच्या मागच्या बाजूचा फोटो आहे का? डॅशकॅम, टोलनाक्याची नोंद, सोबतच्यांचे जबाब? असेल ते गोळा करा.

लिहून दिलेला कागद तुमच्याविरुद्ध वापरला जाईल, पण तो शेवटचा शब्द नाही. विमा कंपनीच्या लेखी संमतीशिवाय चूक कबूल करू नये, पैसे देऊ नयेत, अशी अट मोटार पॉलिसीत असते. म्हणून कंपनीला आजच सगळं खरं खरं कळवा. पोलिसांत उशिरानेही तक्रार देता येते. उशीर का झाला ते तेवढं लिहा.

सासूबाईंचा हक्क तुमच्या चुकीवर अडत नाही. त्या गाडी चालवत नव्हत्या आणि तो कागदही त्यांनी दिलेला नाही. दोन्ही चालकांची चूक निघाली तर त्या दोघांपैकी कोणाकडूनही पूर्ण भरपाई मागू शकतात. मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात अर्ज करताना दोन्ही गाड्यांचे मालक, चालक आणि विमा कंपन्या पक्षकार करा. तुमची पॉलिसी पॅकेज, म्हणजे आपण 'फुल इन्शुरन्स' म्हणतो ती असेल तर प्रवासीही त्यात येतात. नुसत्या थर्ड पार्टीत, म्हणजे समोरच्याच्या नुकसानीपुरत्या विम्यात, खाजगी कारमधला प्रवासी येत नाही. कायद्यात मुदत अपघातापासून सहा महिन्यांची आहे, तेव्हा वकिलाकडे या आठवड्यातच जा. पिशवीतले कागद तिथे लागतील.

प्रश्न : बाजारात कडेला गाडी थांबवली. मुलाने मागचं दार उघडलं, त्यावर स्कूटरवाली मुलगी आदळली. तिचा घोटा मोडला. तिने हेल्मेट घातलं नव्हतं. मग चूक तिचीही नाही का? (एक गृहिणी, सांगली)

उत्तर : ताई, हेल्मेट नव्हतं म्हणून ती दारावर आदळली नाही, आणि मोडला आहे घोटा. इथे हेल्मेटचा मुद्दा लागू होत नाही. मागे न बघता दार उघडणं हीच चूक. तिच्या भरपाईसाठी तुमचा थर्ड पार्टी विमा आहे, कंपनीला कळवा. तिला भेटायलाही जा, चूक कबूल न करण्याची कंपनीची अट त्याच्या आड येत नाही. मुलाला इतकंच शिकवा : डावीकडे बसला असेल तर डावं दार उजव्या हाताने उघडायचं. अंग आपोआप वळतं आणि मागचा रस्ता दिसतो.