समुद्राच्या लाटांपासून वीज काढून महाराष्ट्राची गरज भागेल का?

माझ्या हयातीत तरी नाही. लाटांत ताकद रग्गड आहे, पण खाऱ्या पाण्यात आपलं लोखंड टिकत नाही.

उद्यमनगरात माझं लेथचं वर्कशॉप आहे. इथल्याच एका इंजिनिअरिंग कॉलेजची पोरं फायनल इयरच्या प्रोजेक्टला वेल्स टर्बाइनचं ड्रॉइंग घेऊन आली. खालून उघडी पेटी पाण्यात रोवायची. लाट चढली की आतली हवा वरच्या नळीतून बाहेर, उतरली की परत आत. हवा इकडून येवो नाहीतर तिकडून, नळीतलं टर्बाइनचं चाक एकाच दिशेला फिरतं. मद्रास आयआयटीनं केरळात विळिंजमला १९९१ मध्ये १५० किलोवॅटचं केंद्र उभारलं ते ह्याच तत्त्वावर. पाती मी ॲल्युमिनियममध्ये ओतून घेतली, चाक असं बॅलन्स केलं की टिचकी मारली तरी फिरत राहायचं.

शाफ्ट ३१६ स्टेनलेसचा, म्हणजे खाऱ्या पाण्यात टिकणाऱ्या स्टीलचा, आणि बेअरिंग सीलबंद घ्या, असं मी त्यांच्या सरांना बजावलं होतं. सर म्हणाले, "प्रोजेक्टच आहे हो, एन-८ चालतंय. वरून रेडऑक्साइड मारा." एन-८ म्हणजे साधं, गंजणारं स्टील; रेडऑक्साइड म्हणजे गंज रोखायचा लाल रंग. रत्नागिरीकडं जेटीला बसवलं आणि थोड्याच दिवसांत बेअरिंग जाम, शाफ्टवर गंजाचे पोपडे. कॉलेजात सांगितलं काय, तर वर्कशॉपचं काम कच्चं!

फ्रान्सचं ला रान्स केंद्र १९६६ पासून चालू आहे, २४० मेगावॅटचं. ते लाटांवर नाही, नदीच्या मुखाशी बंधारा घालून भरती-ओहोटीवर चालतं, पण खारं पाणी तेच. गंज रोखायला तिथं लोखंडात विजेचा हलका प्रवाह सोडून ठेवतात. रेडऑक्साइडवर भागवलं नाही कुणी.

तसला बंधारा कोकणात घालून उपयोग नाही, भरती-ओहोटीतला फरक दोन-तीन मीटरचाच. खंभातच्या आखातात तो दहा मीटरच्या आसपास जातो, म्हणून सगळ्यांचा डोळा तिकडं. आपली कोयना १९६० मेगावॅटची. तिच्या शेजारी विळिंजमचा ०.१५ मेगावॅटचा आकडा ठेवून बघा.

हां, जिथं डिझेल बोटीनं न्यावं लागतं अशा बेटांवर लाटांची वीज महाग पडली तरी परवडेल. आणि भरती-ओहोटीच्या विजेची एक सोय आहे, भरतीची वेळ आधीच कळते, वाऱ्याचं तसं नाही.

तुम्ही ह्यावर प्रोजेक्ट करणार असाल तर मटेरियल वर्कशॉपवाल्याला ठरवू द्या. गाइड एन-८ म्हणाले तर ड्रॉइंगवर तसं लिहून त्यांची सही घ्या.