फड पडद्यामागेच राहू द्या

प्रश्न : बाई, आम्ही बँकेतले, शाळेतले आणि एक मेडिकलवाला असे अकरा जण हौशी नाटकं करतो. यंदा रे लॉलर या ऑस्ट्रेलियन लेखकाचं ‘समर ऑफ द सेव्हन्टीन्थ डॉल’ मराठीत करायचं ठरलंय. क्वीन्सलँडला ऊस तोडणारे दोन गडी हंगाम संपला की मेलबर्नला मैत्रिणींकडे येऊन राहतात, अशी गोष्ट. निम्मे म्हणतात, ऊस आहे तर सरळ बीडचे तोडकरी आणि आपल्या कोल्हापूरकडचं शिरोळ करून टाकू. निम्मे म्हणतात, मेलबर्नच ठेवू. भांडणात दोन आठवडे तालीम बंद आहे. शिवाय पहिल्या अंकात लोक हसणार आणि शेवट इतका जड, हे कसं जमवायचं? — एक वाचक, मंगळवार पेठ

उत्तर : तालीम बंद असली तरी चहाची उधारी चालूच असणार, त्यामुळे लगेच लिहिते.

नाटक पहिल्यांदा वाचलं तेव्हा मीही हीच उडी मारली होती. सगळं आयतं हातात येतंय असं वाटतं. त्या दोन गड्यांतला रू हा टोळीचा मुकादम, दुसरा बार्नी. यंदा त्याची पाठ गेलीय, जॉनी डाउड नावाचं पोरगं त्याच्यापेक्षा जास्त ऊस तोडतंय आणि मुकादमकी हातची सुटलीय. हे वाचून कुणाला शिरोळ आठवणार नाही? पण खिशाकडे बघा. रू आणि बार्नी सात महिने राबतात आणि उरलेले पाच महिने भरल्या खिशानं शहरात चैन करतात. आपल्याकडे येणारा तोडकरी आधीच उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेऊन आलेला असतो. नवरा-बायको मिळून एक कोयता, पोरं फडाच्या कडेला कोपीत, आणि जाताना हिशेबात पुन्हा काहीतरी अंगावर निघतंच. त्याच्या आयुष्यात ‘पाच महिने मजा’ कुठे बसवणार? त्याच्यावर नाटक जरूर करा, पण ते वेगळं लिहा. त्याला रूचे कपडे घालू नका.

दुसरी अडचण ऑलिव्हची, म्हणजे रूच्या मैत्रिणीची. ती बारमध्ये काम करते. सोळा उन्हाळे या माणसाची वाट बघितली, लग्न केलं नाही, आणि याची तिला लाज नाही, उलट तोरा आहे. कोल्हापुरात आणलीत की तिसऱ्या तालमीला तुम्ही तिला तमाशाच्या फडावरची नाचणारी करून ठेवाल. मला माहीत आहे, कारण सोपा रस्ता तोच आहे. मग तिचं सगळं नाटकच गेलं. १९५९च्या सिनेमानं मेलबर्नचं सिडनी केलं आणि शेवटही गोड करून टाकला. एकदा हलवायला लागलं की कुठे थांबायचं ते कळत नाही.

तेव्हा गाव मेलबर्नच ठेवा, भाषा मात्र आपली घ्या. २८ नोव्हेंबर १९५५ला मेलबर्नच्या युनियन थिएटरमध्ये हे पहिल्यांदा झालं, तेव्हा लोकांना ते आपलं वाटलं याचं मोठं कारण भाषा. रंगमंचावर इंग्लंडचं साहेबी इंग्रजी ऐकायची सवय असलेल्यांना स्वतःच्या गल्लीतलं बोलणं ऐकू आलं. तुम्ही पुस्तकी मराठीत भाषांतर केलंत तर ते मरेल. पण ‘नाद खुळा’ आणि ‘काटा किर्रर्र’ टाकून हशा घेणार असाल तर त्याहून पुस्तकी बरी! माझी आई जन्मभर ‘मी आलो, मी जेवलो’ असंच म्हणायची, पेठांतल्या कितीतरी बायका म्हणायच्या. ऑलिव्हच्या तोंडी हे घालून बघा. पहिल्या दोन वाक्यांना पोरं हसतील, तिसऱ्याला तिचा रुबाब कळेल.

हसण्याचं म्हणाल तर ते एम्मा म्हातारीवर, ऑलिव्हच्या आईवर सोडा. नववर्षाच्या आदल्या रात्री ती पियानोवर बसून सगळ्यांना गायला लावते आणि एकाचाही सूर लागत नाही. तिथे कुणी मुद्दाम बेसूर गाऊ नका. प्रत्येकानं मनापासून चांगलं गायचा प्रयत्न करायचा आणि ते फसू द्यायचं. त्याच हसण्याच्या पोटात कळतं की सतरावा उन्हाळा पहिल्या सोळांसारखा नाही. बार्नी करणाऱ्याला सांगा, पहिल्या प्रयोगात ही भूमिका स्वतः लॉलरनं केली होती. विदूषकाला देण्यासारखं काम नाही ते. आणि हो, त्यांच्याकडे डिसेंबरात उन्हाळा. समोर प्रेक्षक स्वेटर घालून बसलेले असतील तरी तुम्ही घाम पुसायचा.

शेवटी रू लग्नाची मागणी घालतो. आपल्याकडे मागणी घातली की पडदा पडतो. इथे मागणी घातल्यावर बाई कोसळते. रंगाच्या कारखान्यात रोज जाऊन संध्याकाळी घरी येणारा नवरा तिला नकोच आहे, तिला ते पाच महिने हवेत. हे प्रेक्षकांना पटवायला मागून व्हायोलिन वाजवू नका.

आता बाहुली. दर वर्षी रू तिच्यासाठी काठीवर बसवलेली एक झगमगीत बाहुली आणतो आणि शेवटी सतरावी पियानोवर आपटून आपटून तिच्या चिंध्या करतो. ती पहिल्या फटक्यात फुटली पाहिजे. जळण्याआधीच्या केशवराव भोसले नाट्यगृहात आमच्या एका नाटकात नायक शेवटी मडकं फोडायचा. शाहूपुरीच्या कुंभार गल्लीतून मी स्वतः निवडून आणलेलं, पक्कं भाजलेलं. त्यानं तीनदा आपटलं, फुटेना. मागनं एकजण ओरडला, “वॉरंटी हाय त्याला!” प्रेत समोर ठेवलेलं आणि अख्खं थिएटर हसतंय. प्रेतही हललं, मी विंगेतून बघितलं.

म्हणून बाजारची प्लॅस्टिकची बाहुली आणू नका, ती चेंडूसारखी उडेल. बुरूड गल्लीतून कामट्या आणा, वर पतंगाचा कागद आणि बेगड, अंग कागदाच्या लगद्याचं आणि आतून पोकळ. गळ्याशी आधीच ब्लेडनं एक चीर देऊन ठेवा. भिंतीवर जुन्या सोळा लागतील, त्या न फुटणाऱ्या चालतील. फुटायच्या मात्र तालमींसकट पंधरा तरी करा, आणि रू करणाऱ्यानं रंगीत तालमीच्या आधी निदान पाच फोडलेल्या असू देत.

परवानगीचा विषय तुम्ही पत्रात काढलाच नाही, त्यावरून काय ते समजले. लॉलर जुलै २०२४मध्ये, वयाच्या १०३व्या वर्षी गेले. आपल्या कायद्यात लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं हक्क राहतात. हौशी संस्थेनं फुकट प्रेक्षकांपुढे केलेल्या प्रयोगाला सूट आहे, पण भाषांतराला ती नाही, आणि तिकीट लावलंत की प्रयोगाचीही गेली. सिडनीची करन्सी प्रेस ऑस्ट्रेलियन नाटकं छापते, तिथे विचारा, हक्क कुणाकडे ते कळेल. मराठी संहिता हातात आली की नाटकांच्या संहिता तपासणाऱ्या सरकारी परिनिरीक्षण मंडळाचं प्रमाणपत्रही लागेल. मेल आज रात्रीच टाका. उत्तर येईपर्यंत बाहुल्या करत बसा, भांडायला हात रिकामे राहणार नाहीत.