गल्ली वर आली, उंबरा खाली गेला

प्रश्न : बेळगाव जिल्ह्यातल्या एका शहरात आमचं जुनं घर आहे. पालिकेनं जुन्या डांबरावरच काँक्रीट ओतलं. आता पावसाचं पाणी सोप्यात येतं. अधिकारी म्हणतात, जोतं उचलून घ्या. दारात कट्टा बांधून पाणी अडवू का?

उत्तर : कट्टा तूर्त नको. 1882 चा सुविधाधिकार कायदा (दुसऱ्याच्या जमिनीवरच्या हक्कांचा) मुंबई इलाख्यात 1891 पासून लागू आहे. बेळगाव तेव्हा त्याच इलाख्यात होतं, म्हणजे आपल्याकडेही. नैसर्गिक उतारानं आलेलं पावसाचं पाणी खालच्यानं वाहू द्यायचं, असं त्याचं कलम 7 सांगतं. तुमच्या कट्ट्यानं पाणी शेजाऱ्याच्या दारात वळलं, तर प्रतिवादी तुम्ही व्हाल. मात्र रस्ता उचलून फिरवलेलं पाणी नैसर्गिक नव्हे. तुमची बाजू तिथंच आहे.

ती सिद्ध करायला पारदर्शक नळीत पाणी भरा आणि रस्त्याचा मध्य, गटाराची कड व उंबरा यांची पातळी मोजा. प्रत्येक ठिकाणी टेप दिसेल असा फोटो घ्या. 6 मीटरच्या गल्लीत 2 टक्के ढाळ असेल, तर मध्यापेक्षा कड 6 सेंमी खाली हवी. बऱ्याचदा ढाळ बरोबर असतो, पण गटाराची तोंडं काँक्रीटनं बुजलेली असतात. जुना थर न खरवडता 15 सेंमी ओतलं, तर ते सगळे 15 सेंमी तुमच्या उंबऱ्याच्या वाट्याला येतात.

माहिती अधिकारात अंदाजपत्रक आणि मोजमाप पुस्तकाच्या (झालेल्या कामाच्या मापांची नोंदवही) प्रती मागा. खरवडण्याची बाब बिलात आहे आणि थर जागेवरच आहे, असं निघालं तर अर्धं काम झालं. कर्नाटकात अर्जाला 10 रुपये, एकच विषय, 150 शब्दांची मर्यादा. उत्तराची मुदत 30 दिवस. भाषा कन्नड, इंग्रजी किंवा हिंदी, मराठी चालत नाही. तक्रारीचा अर्ज मात्र घटनेच्या कलम 350 नुसार मराठीत देता येतो. तरी सोबत कन्नड भाषांतर जोडा, नाहीतर तो आवक विभागातच पडून राहील. पोच घ्या.

दाद न मिळाल्यास आधी स्थायी लोक अदालत. कोर्टात दावा लावल्यावर तिथं जाता येत नाही, म्हणून क्रम चुकवू नका. सार्वजनिक स्वच्छता यंत्रणा तिच्या कक्षेत येते, कोर्ट फी नाही, आणि तडजोड फिसकटली तर निकालही तीच देते. नुसती भरपाई मागू नका. बुजलेली तोंडं उघडणं आणि दारासमोर जाळीचं आडवं गटार, हेही मागा.

सगळ्या गल्लीचाच त्रास असेल, तर सार्वजनिक उपद्रव हटवण्यासाठी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 152 खाली प्रांताधिकाऱ्यांकडे अर्ज करा. पालिका ‘निधी नाही’ म्हणाली, तर रतलाम नगरपालिकेचा 1980 चा निकाल दाखवा. गटारांचाच वाद होता, आणि सर्वोच्च न्यायालयानं ही सबब ऐकली नाही.