कुंकू काळे का दिसते? : जुन्या फोटोंविषयी वाचकांचे प्रश्न

प्रश्न : वाड्याच्या माळ्यावरील ट्रंकेत आजी-आजोबांचा, लग्नानंतर स्टुडिओत काढलेला फोटो सापडला, त्याची प्रत सोबत पाठवीत आहे. थोरली आत्या सांगते की आजीचा शालू लालभडक होता, पण फोटोत तो काळाकुट्ट दिसतो आणि कपाळावरचे कुंकूही शाईच्या ठिपक्यासारखे काळे आहे. फोटो १९१० सालचा, असे घरात सांगतात. पाठीवर इंग्रजीत ‘पोस्ट कार्ड’ असे छापलेले आहे. आत्याचे खरे मानावे की फोटोचे? आणि मोबाइलवरील ॲपने तो रंगीत करून घ्यावा का?
— एक वाचक, सांगली

उत्तर : आपल्या आत्याबाईंचे म्हणणे आणि फोटो यांत विरोध नाही, उलट फोटो त्यांच्याच बाजूने साक्ष देतो आहे. त्या काळी कॅमेऱ्यात फिल्मऐवजी काचा घालत, त्यांवर चांदीच्या क्षारांचा जो लेप असे, तो निळ्या-जांभळ्या प्रकाशाला चटकन प्रतिसाद देई. पुढे सुधारलेल्या ऑर्थोक्रोमॅटिक काचा हिरवा रंगही टिपू लागल्या, पण लाल रंग त्यांना जवळजवळ दिसतच नसे. म्हणून लाल शालू काळा उमटे, कुंकू काळे उमटे आणि आकाशी लुगडे मात्र पांढरेफटक दिसे. शालू लाल आणि विधवेचे आलवणही लाल, त्यामुळे फोटोत दोन्ही सारखीच काळी. केवळ वस्त्राच्या छटेवरून एखाद्या बाईविषयी काही ठरवू नये, हे जुने अल्बम चाळताना मी स्वतः एकदा चुकून शिकलो आहे. सर्व रंग टिपणारी पॅनक्रोमॅटिक फिल्म नंतर आली, तरी अनेक स्टुडिओवाल्यांनी जुन्या काचा लवकर सोडल्या नाहीत, कारण त्या डार्करूममध्ये लाल दिव्याच्या उजेडात, चित्र उमटताना डोळ्यांनी पाहत धुता येत असत. तेव्हा काळ्या कुंकवावरून फोटो जुना आहे एवढे कळते, साल कळत नाही.

सालासाठी आजोबांच्या हाताकडे पाहावे. आपण पाठवलेल्या प्रतीत त्यांच्या डाव्या मनगटावर घड्याळाचा पट्टा स्पष्ट दिसतो. पुरुषांच्या मनगटावर घड्याळ रुळले ते पहिल्या महायुद्धानंतर. त्याआधी खिशातले घड्याळ आणि कोटावर रुळणारी साखळी असे. १९१० हे साल त्यामुळे मला पटत नाही. १९२०च्या दशकाकडे माझा कौल आहे. मात्र कोट, काठी, टेबलावरचे जाड पुस्तक या वस्तू पुष्कळदा मागच्या रंगवलेल्या पडद्याप्रमाणेच स्टुडिओच्या मालकीच्या असत, म्हणून त्यांवरून घराण्याच्या ऐपतीचा किंवा वाचनाचा अंदाज बांधू नये. (कोटाच्या बाह्या आजोबांना आखूड होत आहेत, हेही पाहा.) ‘पोस्ट कार्ड’ या अक्षरांचा अर्थ तो फोटो कोणी टपालाने पाठवला असा नव्हे, पाठीवर ही अक्षरे छापलेला फोटोचा कागद तयारच विकत मिळत असे. तिकिटाच्या चौकटीत कागद बनवणाऱ्या कंपनीचे नाव असेल, तर त्यावरून काळ आणखी नेमका करता येईल.

रंगीत प्रत जरूर करावी, पण हे लक्षात ठेवून की ॲपला आत्याबाई ठाऊक नाहीत. त्याला फक्त करडी छटा दिसते. काळ्या शालूला ते काळा किंवा तपकिरी ठरवील, फार तर निळा. मूळ फोटो स्कॅन करून वेगळा ठेवावा आणि शालू लाल असल्याचे कोणी सांगितले, हे तारखेसह फोटोच्या पाठीवर मऊ पेन्सिलीने, दाब न देता, लिहावे. बॉलपेनचा वळ पुढच्या बाजूला उमटतो.

प्रश्न : आईवडिलांच्या लग्नाचे १९५०च्या सुमाराचे कृष्णधवल फोटो आजही स्वच्छ आहेत; आमच्या लग्नाचे १९७८ सालचे रंगीत फोटो मात्र लालसर पडले. फोटोग्राफरने फसवले का?
— एक वाचिका, डोंबिवली

उत्तर : फसवले असे म्हणता येणार नाही. कृष्णधवल फोटोत प्रतिमा चांदीच्या कणांची असते आणि फोटो नीट धुतलेला असेल तर ती फार टिकते. रंगीत फोटोत चांदी काढून टाकलेली असते आणि उरतात ते निळसर, किरमिजी व पिवळा असे तीन सेंद्रिय रंग. त्या काळच्या कागदांवर निळसर रंग कपाटाच्या अंधारातही आधी विरत असे, म्हणून मागे तांबूसपणा राहतो. आपला अल्बम चिकट पानांचा आणि वर प्लॅस्टिक असलेला असेल, तर त्यातील डिंकही फोटोंना बाधतो. फोटो ओढून काढू नयेत; बिनवासाचा दातांचा दोरा फोटोखालून करवतीसारखा हळूहळू सरकवावा.

प्रश्न : १२ जुलै १९६१ रोजी पानशेतच्या पुरात आमचे नारायण पेठेतील घर बुडाले. वाचलेल्या अल्बमची पाने एकमेकांना चिकटली आहेत आणि एक मोठा फोटो फ्रेमच्या काचेला चिकटला आहे. त्यावरचा चिखलाचा डाग पुसता येईल का?
— एक ज्येष्ठ वाचक, पुणे

उत्तर : मुंबईत छायाचित्रकारांची संस्था १८५४ सालीच निघाली होती, पण मध्यमवर्गीय घरांत अल्बम आले ते विसाव्या शतकात, आणि पानशेत व खडकवासला ही धरणे एकाच दिवशी फुटली तेव्हा नदीकाठच्या पेठांतील किती घरांचे असे अल्बम गेले, याचा हिशोब कोणीच ठेवला नाही. पुण्यात कोणाकडे मुंजीचा फोटो मागितला की ‘पुरात गेला’ एवढेच उत्तर येते आणि पुढे कोणी काही विचारत नाही. आपल्याकडे काही उरले आहे, ही मोठीच गोष्ट आहे.

फोटोवरचा जिलेटिनचा थर पाण्याने फुगतो आणि वाळताना ज्याला टेकलेला असेल त्याला धरून बसतो. त्याच आठवड्यात ओले फोटो स्वच्छ थंड पाण्यात वेगळे करता आले असते. इतक्या वर्षांनी घरी भिजवण्याचा प्रयोग करू नये, चेहरे कागदावरून सुटून येतील. चिकटलेली पाने कागदाच्या जतनाचे काम करणाऱ्या जाणकाराकडेच द्यावीत. चिखलाचा डाग मूळ फोटोवरून पुसू नये. हवा तर संगणकातील एका प्रतीतून काढावा, पण दुसऱ्या प्रतीत राहू द्यावा, कारण पाणी भिंतीवर कुठवर चढले होते हे तो डाग सांगतो. फ्रेममधील फोटो काचेपासून सोडवू नये; खिडकीशी तिरक्या उजेडात ठेवून, कॅमेऱ्यामागे काळे कापड धरून, काचेसकटच त्याचा फोटो घ्यावा.