यंत्रावर १७२ आलं, आता गोळी बंद करू का?

प्रश्न : माझं वय ५४. तीन महिन्यांपूर्वी एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) १६८ आलं म्हणून कोलेस्टेरॉल कमी करणारी ॲटोरव्हास्टॅटिन १० मिलिग्रॅम ही गोळी सुरू झाली. मुलाने घरी तपासायचं यंत्र आणून दिलंय. सोमवारी एकूण कोलेस्टेरॉल १९६ आलं, गुरुवारी १७२. यंत्र बिघडलंय का? आणि १७२ म्हणजे नॉर्मलच, मग गोळी बंद करू का? डॉक्टरांशी फोनवरच बोलणं होतं, बारीकसारीक विचारायला संकोच वाटतो.

उत्तर : ताई, गोळी बंद करू नका. तीन महिन्यांत आकडा उतरलाय तो तिच्यामुळेच. थांबवलीत तर काही आठवड्यांत कोलेस्टेरॉल मूळपदावर येईल आणि तुम्हाला पत्ताही लागणार नाही, कारण ते वाढलं म्हणून काही दुखत-खुपत नाही.

यंत्र बिघडलेलं असेलच असं नाही. कोलेस्टेरॉल मुळातच दिवसागणिक थोडं वर-खाली होतं, त्यात घरच्या यंत्राचा थोडा फरक पडतो. शिवाय रक्त येत नाही म्हणून आपण बोट पिळतो. मग रक्तात पेशींभोवतालचं पाणी मिसळतं आणि आकडा चुकतो. हात कोमट पाण्याने धुऊन नीट कोरडा करा, थोडा वेळ खाली सोडा, मग बोटाच्या कडेला टोचा. पट्टीची मुदतही बघा. पण एकूण आकड्यात एचडीएल, म्हणजे चांगलं कोलेस्टेरॉलही धरलेलं असतं. गोळीचा गुण बघायचा तो एलडीएलवर, आणि त्यासाठी गोळी सुरू केल्यावर ४ ते १२ आठवड्यांनी लॅबमध्ये लिपिड प्रोफाइल (रक्तातल्या चरबीची तपासणी) करायची. तुमची वेळ झालीच आहे. आठवड्यातून दोनदा बोट टोचून जिवाला घोर तेवढा लागतो.

घरी रोज लिहून ठेवा ते घेतलेली गोळी, चुकलेली गोळी आणि अंगदुखी. मी व्हिडिओवर बोलताना आधी गोळ्यांचं पाकीटच कॅमेऱ्यासमोर धरायला सांगते. एका काकांचं एलडीएल काही केल्या उतरेना. मी डोस वाढवायच्या बेतात होते, तर पाकिटात अकरा गोळ्या शिल्लक! "मांड्या दुखायच्या, म्हणून एक दिवसाआड घेत होतो. तुम्ही रागवाल म्हणून बोललो नाही." गोळी बदलून दिली, दुखणं थांबलं. मला फोनवर त्यांचं जिना चढणं दिसत नव्हतं हो, ते सांगतील तेवढंच कळणार. म्हणून संकोच करू नका. दोन्ही मांड्या किंवा खांदे विनाकारण दुखू लागले, लघवी गडद झाली, तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा. छातीत दाब आला, धाप लागली किंवा हात-पाय लुळा पडला, तर मात्र फोनच्या वेळेची वाट न बघता थेट हॉस्पिटल गाठा.