वाचकांचे प्रश्न : पाणपक्ष्यांसाठी पोलादी छर्रे

प्रश्न : माझा पुतण्या अमेरिकेत मिनेसोटा राज्यात नोकरीला असून या हंगामात तो परवाना काढून सहकाऱ्यांबरोबर रानबदकांच्या शिकारीला जाणार आहे. आमच्या घरी आजोबांची परवानाधारक बारा बोअरची दुनळी आहे व ते बदकांसाठी चार नंबरचे छर्रे वापरत, म्हणून मी त्याला तेच सुचवले. परंतु तिथे शिसे चालत नाही, असे तो म्हणतो. मग पोलादी छर्ऱ्यांचा कोणता नंबर घ्यावा? दिवाळीला येताना आमच्या बंदुकीसाठीही दोन डबे आणू का, असे त्याने विचारले आहे.
– एक वाचक, अंबड (जि. जालना)

उत्तर : पुतण्याचे म्हणणे बरोबर आहे. बदके खडे समजून तळ्याच्या गाळातले छर्रे गिळतात, ते पेषणीत (पोटातल्या दाणे भरडणाऱ्या पिशवीत) झिजतात आणि शिसे रक्तात उतरून पक्षी मरतो. म्हणून १९९१पासून अमेरिकेच्या सर्व राज्यांत पाणपक्ष्यांच्या शिकारीत शिशाचे छर्रे वापरण्यास बंदी आहे.

नंबराच्या बाबतीत मात्र एक घोटाळा आधी सोडवायला हवा. आजोबांची काडतुसे विलायती मापाची असतील, तर त्यांवरचा चार नंबर म्हणजे सुमारे ३.१ मिलिमीटर व्यासाचा छर्रा. अमेरिकेत तो पाच नंबर ठरतो, कारण तिथला चार नंबर ३.३ मिलिमीटरचा असतो. त्याच आकाराचा पोलादी छर्रा शिशाच्या छर्ऱ्यापेक्षा वजनाला जवळपास तीस टक्क्यांनी हलका असल्यामुळे त्याचा वेग हवेत लवकर ओसरतो व दूरच्या पक्ष्यावर तो खोल शिरत नाही. यावर तिथल्या शिकाऱ्यांचा सर्वमान्य तोडगा म्हणजे शिशाच्या नंबरापेक्षा दोन पायऱ्या जाड छर्रा घेणे; नंबर जितका लहान, तितका छर्रा जाड. त्या हिशेबाने आजोबांच्या चाराच्या जागी अमेरिकी तीन नंबर येतो, आणि मोठ्या बदकांसाठी मी दोन नंबर, म्हणजे ३.८ मिलिमीटरचा, पसंत करीन. हंसांसाठी त्याहून जाड ‘बीबी’ लागतो.

छर्रा जाड झाला की काडतुसात मावणारी संख्या घटते, ही या निवडीतली खरी अडचण आहे. बारा बोअरच्या तीन इंची काडतुसात ३५ ग्रॅम भार घेतला, तर दोन नंबरचे सुमारे १५५ छर्रे मिळतात, आणि ते पुरेसे आहेत. डब्यावर मोठ्या अक्षरांत छापलेल्या वेगाला भुलून ३२ ग्रॅमची अतिवेगवान काडतुसे घेण्यापेक्षा सेकंदाला ४३० मीटरच्या आसपास वेग देणारे हे भारी काडतूस बरे; जादा वेगाचा बराचसा भाग वाटेतच विरतो, खांद्याला बसणारा दणका मात्र पुरता जाणवतो.

पोलादी छर्रे नळीत चेपले जात नाहीत, त्यामुळे त्यांचा फैलाव मुळातच आटोपशीर राहतो. म्हणून चोक, म्हणजे नळीच्या तोंडाशी असलेला आवळ, ‘मॉडिफाइड’ किंवा ‘इम्प्रूव्ह्ड सिलिंडर’ या सैल प्रकारचा लावावा; ‘फुल’ या घट्ट चोकमधून जाड पोलादी छर्रे मारल्यास नळी फुगण्याचा धोका असतो. हंगामापूर्वी पस्तीस मीटरवर मोठा कागद लावून ७६ सेंटिमीटर व्यासाच्या वर्तुळात छर्रे कसे पडतात, हे निरनिराळ्या काडतुसांनी पाहावे आणि वर्तुळात बदक निसटेल एवढी मोकळी जागा राहत असेल, तर काडतूस किंवा चोक बदलावा. पस्तीस मीटरपलीकडच्या पक्ष्यावर बार टाकू नये, हे त्याला निक्षून सांगा. जखमी होऊन लव्हाळ्यात दडलेले बदक कोणाच्याच हाती लागत नाही.

आता तुमच्या दुनळीविषयी. जुन्या बंदुकांचे कोठे, म्हणजे नळीत काडतूस बसते ती जागा, बहुधा ६५ किंवा ७० मिलिमीटरचे असतात, तर तीन इंची काडतूस ७६ मिलिमीटरचे असते. शिवाय जुन्या नळ्या पोलादासाठी बनवलेल्या नसतात व त्यांचे चोक बहुधा घट्ट असतात. तेव्हा ही काडतुसे त्या बंदुकीत घालूच नयेत. पैठणच्या नाथसागर जलाशयावर हिवाळ्यात उतरणाऱ्या बदकांचा तर प्रश्नच येत नाही, कारण १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्यांना संरक्षण दिले असून १९९१च्या दुरुस्तीनंतर शिकारीचे परवानेही बंद झाले आहेत. पुतण्याच्या नावे येथील शस्त्र परवाना नसेल, तर १९५९च्या शस्त्र अधिनियमाखाली विमानतळावरच त्याच्यावर गुन्हा नोंदवला जाऊ शकतो. ते दोन डबे त्याने तिकडेच ठेवावेत.